सांखळीची करवत : पेट्रोलची घ्यावी कीं बॅटरीची ?

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या शेतकरी वर्गांत जीं नवीं यंत्रें झपाट्यानें पसरलीं, त्यांत लांकूड तोडण्याची सांखळीची करवत हें एक प्रमुख यंत्र होय. बाजारांत तिला ‘चेनसॉ’ म्हणतात व खेडोपाडीं लोक नुसतें ‘कटर’ म्हणतात. पूर्वीं ज्या कामास दोन गडी व एक दिवस लागे, तें काम ही करवत घटकाभरांत उरकते. हें ज्यानें एकदां डोळ्यांनीं पाहिलें, त्याला ती आपल्या घरीं असावी असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु दुकानांत गेल्यावर पहिलाच प्रश्न उभा राहतो कीं, पेट्रोलवर चालणारी घ्यावी, कीं बॅटरीवर चालणारी ? दुकानदार आपणांस शक्ति, पट्टीची लांबी व किंमत या तीन गोष्टी सांगतो. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें चौथी एक गोष्ट त्यांहून महत्त्वाची आहे, व ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाहीं. ती अशी कीं, हें यंत्र वर्षांतून किती दिवस कोपऱ्यांत पडून राहणार ? लांकूडतोड्याची करवत रोज चालते. शेतकऱ्याची करवत वर्षाचे साडेतीनशें दिवस स्वस्थ पडून असते, आणि उरलेल्या दिवसांत एखादा दिवस असा येतो कीं, त्या दिवशीं ती चाललीच पाहिजे. सबब कामाच्या दिवसांवरून नव्हे, तर रिकाम्या दिवसांवरून यंत्राची निवड करावी, असें माझें मत झालें आहे. हें मत मला कसें महाग पडलें, तें आधीं सांगतों.

मी यंत्रविद्या शिकलेला मनुष्य नव्हे. मराठी शाळेंतील शिक्षण संपवून महसूल खात्यांत कारकुनीस लागलों व तेथेंच सेवानिवृत्त झालों. परंतु रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आमची वडिलोपार्जित नारळ-पोफळीची वाडी आहे, व तिच्या कांठानें आंबा, फणस, रातांबा यांचीं जुनीं झाडें आहेत. २०१७ सालीं मी एक पेट्रोलची करवत विकत घेतली. यंत्र चांगलें होतें. त्यांत दोष कांहींच नव्हता. २०२० च्या फेब्रुवारींत वाळलेला एक आंबा तोडून झाल्यावर मीं ती पुसून पडवींत टांगून ठेवली. टाकींत जें मिश्रण उरलें होतें तें तसेंच राहूं दिलें. पैशाचें पेट्रोल कशास ओतून द्यावें, हा कारकुनी विचार !

ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलें. मी त्या वेळीं नोकरींत असून तालुक्याच्या ठिकाणीं होतों. वादळ ओसरल्यावर लागलीच पंचनाम्यांचें काम सुरू झालें. रस्त्यांत झाडें आडवीं पडलेलीं, विजेचे खांब मोडलेले व दूरध्वनि बंद. मी दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पायीं घरीं पोंचलों. पाहतों तों अंगणांतील मोठा फणस गोठ्यावर कोसळलेला. पुतण्या ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, “काका, दोरी ओढून ओढून हात सोलले, पण मशीन सुरूच झालें नाहीं. शेवटीं कुऱ्हाड घेतली.” कुऱ्हाडीनें फांद्या तोडून आंत जाण्यास संध्याकाळ झाली. दोन जनावरांपैकीं बैल वांचला. गाभण गाय मात्र हातीं लागली नाहीं. पुढें रस्ता मोकळा झाल्यावर मिस्त्र्याकडे करवत नेली. त्यानें कार्ब्युरेटर उघडून दाखविला. चार महिने पडून राहिलेलें पेट्रोल सुकून त्याचा चिकट थर आंतील बारीक छिद्रांत बसला होता. अर्ध्या तासाच्या साफसफाईनंतर पहिल्याच हिसक्यास यंत्र सुरू झालें ! त्या दिवसापासून या विषयाची मीं जी चौकशी व हिशेब केला, तो वाचकांपुढें ठेवीत आहें.

दोन्ही यंत्रांत सारखें काय ?

पोलादी पट्टीभोंवतीं फिरणारी दांतेरी सांखळी हें या यंत्राचें खरें अंग. पेट्रोलचें इंजिन काय अथवा विजेची मोटर काय, तीं केवळ सांखळी फिरविण्याचीं साधनें आहेत. लांकूड कापते ती सांखळी. तेव्हां सांखळी बोथट असेल तर कोणतेंहि यंत्र कामाचें नाहीं, व दोन्ही यंत्रांस सांखळीवर सतत तेल लागतें. बॅटरीच्या करवतीस तेल लागत नाहीं अशी पुष्कळांची समजूत आहे, ती चुकीची आहे. इंजिनाचें तेल तिला लागत नाहीं. सांखळीचें तेल लागतेंच.

विजेची करवत ही कांहीं नवी टूम आहे, असेंहि नव्हे. जर्मनींतील आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं जी पहिली सांखळीची करवत बनविली ती विजेवरच चालणारी होती. पेट्रोलवर चालणारी त्यानें नंतर, १९२९ सालीं काढली. विजेच्या करवतीस तार असे, व जंगलांत तार नेतां येत नसे. म्हणून पेट्रोलचें यंत्र पुढें गेलें. लिथियमची हलकी बॅटरी आल्यावर तारेची अडचण गेली, एवढाच काय तो फरक.

शक्तीचा जमाखर्च

आतां दोहोंच्या पोटांत किती शक्ति मावते तें पाहूं. बॅटरीवर व्होल्ट व अँपिअर-तास असे दोन आंकडे छापलेले असतात. त्यांचा गुणाकार केला म्हणजे वॅट-तास निघतात, व एक हजार वॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलांतील एक युनिट. उदाहरणार्थ, ३६ व्होल्ट व ५ अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर ३६ × ५ = १८० वॅट-तास, म्हणजे एका युनिटाच्या पांचव्या हिश्श्याहूनहि कमी. लांकडांत जोर लावून चालतांना अशी करवत हजार ते सव्वा हजार वॅट ओढते असें धरलें, तर एका बॅटरींत नऊ-दहा मिनिटें अखंड कापणें होतें. हें ऐकून कोणी दचकूं नये. प्रत्यक्ष कामांत मनुष्य सतत कापीत नाहीं. फांदी ओढणें, जागा बदलणें, पुढचा छेद पाहणें यांतच बहुतेक वेळ जातो, व बॅटरीची मोटर तेवढा वेळ बंद असते. त्यामुळें फांद्या छाटण्याच्या कामांत तीच बॅटरी अर्धा-पाऊण तास सहज पुरते.

उलटपक्षीं एक लिटर पेट्रोलांत सुमारें ९ युनिटांइतकी उष्णता असते. परंतु या करवतीचें लहान टू-स्ट्रोक इंजिन त्यांतील फार तर सहावा हिस्सा सांखळीपर्यंत पोंचवितें. बाकीची धुरांत व तापण्यांत जाते. तरीहि दीड युनिटाच्या आसपास काम हातीं येतें. म्हणजे अंदाजी हिशेबानें एक लिटर पेट्रोल हें वर सांगितलेल्या नऊ-दहा बॅटऱ्यांच्या बरोबरीचें झालें. पुन्हां टाकी भरण्यास दोन मिनिटें लागतात, तर बॅटरी भरण्यास, भरणीयंत्र जसें असेल त्याप्रमाणें, पाऊण तासापासून दोन-तीन तासपर्यंत वेळ जातो. दिवसभर जाड लांकूड कापणाऱ्यास पेट्रोलवांचून गत्यंतर नाहीं असें जें म्हणतात, त्याचें मूळ या आंकड्यांत आहे.

खर्चाकडे पाहतां पारडें उलट फिरतें. दहा वेळां बॅटरी भरण्यास, भरतांना होणारी नासाडी धरूनहि, सव्वादोन युनिटांच्या आसपास वीज लागते. एक लिटर पेट्रोलास आज शंभर रुपयांच्या वर पडतात, व त्यांत तेल निराळें. परंतु या बचतीवर भाळून जाऊं नये. बॅटरी व भरणीयंत्र यांची किंमत पुष्कळदां करवतीइतकीच असते, आणि वर्षांतून दहा-बारा दिवस कापणाऱ्याची विजेंतील बचत ती किंमत कधींहि फेडीत नाहीं. सबब इंधनाच्या खर्चावरून निवड करणें हें शेतकऱ्याच्या बाबतींत निरर्थक आहे.

पडून राहण्याचा परिणाम

येथें मुख्य मुद्दा येतो. दोन्ही यंत्रें पडून राहिल्यानें बिघडतात. परंतु बिघडण्याची रीत निरनिराळी आहे.

पेट्रोलच्या करवतींत पेट्रोल व टू-स्ट्रोकचें तेल मिसळून घालावें लागतें. बहुतेक नव्या यंत्रांस १ लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर तेल हें प्रमाण असतें. कांहींस ४० मिलिलिटर लागतें. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत जें लिहिलें असेल तेंच प्रमाण पाळावें. हें मिश्रण महिन्याहून अधिक ठेवूं नये, असा सर्वसाधारण नियम आहे. आतां आपल्याकडील पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. ऊस पिकविणाऱ्या सभासदांच्या हिताची ही गोष्ट आहे यांत संशय नाहीं. परंतु इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, पाणी जास्त झाल्यास तें इथेनॉलसह तळाशीं बसतें, व त्यामुळें रबराच्या नळ्या व कार्ब्युरेटरांतील पडदे खराब होण्याचा संभव वाढतो. कोंकणच्या दमट हवेंत हा धोका अधिक. माझी गाय गेली त्या वेळीं पेट्रोलांतील इथेनॉल आजच्याहून पुष्कळ कमी होतें. तरी चार महिने पुरे झाले. हा बिघाड बाहेरून दिसत नाहीं. यंत्र भिंतीवर टांगलेलें ठणठणीत दिसतें, आणि दोरी ओढल्यावरच खरें काय तें कळतें. मात्र तो दुरुस्त होतो, व थोडक्या पैशांत होतो.

बॅटरीचें दुखणें याच्या उलट आहे. महिनोन् महिने पडून राहिलेली बॅटरीची करवत घोडा दाबतांच चालू होते. बॅटरींत किती शक्ति उरली आहे हें तिच्यावरील दिव्यांवरून आधींच समजतें. परंतु लिथियमची बॅटरी न वापरतांहि वयानें म्हातारी होते. शेतकऱ्याच्या घरीं ती वापरानें मरत नाहीं. वयानें व उष्णतेनें मरते. पत्र्याच्या छपराखालीं उन्हाळाभर ठेवलेली बॅटरी लौकर निकामी होते. अगदीं रिकामी करून वर्षभर टाकून दिली तर ती पुन्हां भरून घेत नाहीं. आणि एकदां गेली म्हणजे गांवच्या मिस्त्र्याच्या हातीं कांहीं नाहीं; नवीच घ्यावी लागते. ती घेण्यास जावें तों त्या आकाराची बॅटरी मिळेनाशी झालेली असावी, हाहि संभव लक्षांत ठेवला पाहिजे. म्हणून अपरिचित नांवाच्या स्वस्त यंत्रापेक्षां, ज्याच्या बॅटऱ्या तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या गांवीं मिळतात व ज्यांवर त्याच बनावटीचीं गवत कापण्याचीं किंवा इतर यंत्रें चालतात, असें यंत्र घ्यावें. फवारणीच्या पंपाची बॅटरी करवतीस चालेल असें मात्र कोणी समजूं नये. ती निराळी असते.

सारांश, पेट्रोलचें यंत्र अचानक दगा देतें पण बरें होतें. बॅटरीचें यंत्र सांगून-सवरून थकतें, पण थकलें म्हणजे बरें होत नाहीं. ज्याला महिन्याच्या महिन्यास यंत्राकडे पाहण्याची शिस्त आहे त्यानें पेट्रोलचें घेण्यास हरकत नाहीं. ज्याला ती नाहीं, आणि मीं माझा दाखला वर दिलाच आहे, त्यानें आपल्या स्वभावाशीं खोटें बोलूं नये.

लांकडाची जाडी

पट्टीच्या लांबीहून दोन-तीन इंच कमी जाडीचें लांकूड एका बाजूनें सुखानें कापतां येतें. बॅटरीच्या साधारण करवतींस १० ते १६ इंचांची पट्टी असते. आंब्याच्या फांद्या, बांधावरील बाभूळ, कुंपणाचा शेर, निलगिरीच्या वल्ल्या, पडलेली पोफळ, सरपण एवढें काम तींत येतें. दीड-दोन फूट व्यासाचा आंबा अथवा फणस पाडावयाचा असेल तर ५० घनसेंटीमीटर अथवा त्याहून मोठें पेट्रोलचें इंजिन व १८ ते २० इंचांची पट्टी पाहिजे. वजनांतहि भेद आहे. असें पेट्रोलचें यंत्र पट्टीसह पांच-सहा किलो भरतें. बॅटरीचें लहान यंत्र तीन-चार किलोंत बसतें. दिवसभर हातांत धरणाऱ्यास हा एक-दोन किलोंचा फरक फार जाणवतो, व थकलेल्या हातूनच अपघात होतो.

नारळासंबंधानें एक विशेष सूचना. माडाचें खोड बाहेरून कठीण व आंतून भुसभुशीत असतें. बाहेरचें तें कठीण लांकूड धार फार लौकर मारतें. त्यांतून वादळानें पडलेल्या माडाच्या सालींत रेती बसलेली असते. अशा वेळीं बॅटरीची करवत कमजोर आहे असें वाटतें. खरा दोष मेलेल्या धारेचा असतो. आधीं झाडूनें रेती काढावी व सांखळी जमिनीस लागूं देऊं नये.

निवड कशी करावी ?

वरील विवेचनावरून तीन प्रश्न निघतात. त्यांचीं उत्तरें दुकानांत जाण्यापूर्वीं घरीं कागदावर लिहावीं. पहिला, मला वर्षांतून किती दिवस व दिवसांतून किती वेळ कापावयाचें आहे ? दुसरा, नेहमींच्या कामांत सर्वांत जाड लांकूड किती इंचांचें असतें ? तिसरा, कामाची जागा घरच्या विजेपासून किती दूर आहे ?

ज्याचें काम छाटणी, कुंपण, सरपण व वर्षांतून एखादें झाड इतकेंच असून शेत घरालगत आहे, त्यानें १२ अथवा १४ इंचांच्या पट्टीची बॅटरीची करवत दोन बॅटऱ्यांसह घ्यावी. एका बॅटरीवर घेऊं नये. अर्धें काम टाकून बसावें लागतें. ज्याची जमीन डोंगरांत अथवा घरापासून कोस दोन कोसांवर आहे, अथवा ज्याला दरसाल इमारती लांकूड किंवा मोठें सरपण तोडून विकावयाचें आहे, त्यानें पेट्रोलचीच घ्यावी व तिची निगा शिकून घ्यावी. ज्याला वर्षांतून दोनच दिवस काम आहे त्यानें कोणतीहि घेऊं नये. करवत्यास मजुरी देऊन काम करून घेणें स्वस्त पडतें.

माझी सूचना याहून थोडी पुढें जाते. प्रत्येक घरीं मोठी पेट्रोलची करवत असण्यापेक्षां, आठ-दहा सभासदांनीं मिळून एक चांगली पेट्रोलची करवत घ्यावी, ती एकाच माहितगार माणसाच्या ताब्यांत द्यावी, व घरोघरीं लहान बॅटरीची ठेवावी. सामायिक यंत्र नेहमीं वापरांत राहतें, म्हणून तें पडून राहून बिघडत नाहीं. आणि जें एकाच्या जबाबदारीवर असतें त्याचें पेट्रोल शिळें होत नाहीं.

वादळाच्या दिवसाची तयारी

२०२१ च्या मे महिन्यांत ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्यालगत उत्तरेस गेलें, तेव्हां मजपाशीं बॅटरीची करवत आली होती. ती पहिल्या क्षणास चालू झाली, व दुपारच्या आंत दोन्ही बॅटऱ्या संपल्या. वीज तर गेलेली ! तेव्हां बॅटरी घेतली म्हणजे काळजी मिटली असेंहि नाहीं. त्यानंतर मी पुढील नेम पाळीत आलों आहें.

बॅटऱ्या एरवीं अर्ध्या भरलेल्या स्थितींत, घरांतील थंड व कोरड्या जागीं ठेवाव्या व दोन-तीन महिन्यांनीं पहाव्या. वादळाची सूचना हवामान खात्याकडून कांहीं दिवस आधीं येते. ती येतांच सर्व बॅटऱ्या पूर्ण भराव्या. ज्यांच्या घरीं १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांचा इन्व्हर्टर आहे, त्यांनीं दिवे-पंखे बंद ठेवल्यास त्यावर पांच-सहा बॅटऱ्या भरून निघतात. तापलेली बॅटरी निवल्याशिवाय भरूं नये व ओली तर मुळींच भरूं नये.

पेट्रोलच्या करवतीचें काम संपलें म्हणजे टाकी रिकामी करावी, व यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटरांतील थेंबहि जाळून टाकावा. हवेची गाळणी स्वच्छ करावी. मी दर अमावास्येस करवत खालीं काढतों, मोटारसायकलच्या टाकींतील ताज्या पेट्रोलाचें वाटीभर मिश्रण करून ती पांच मिनिटें चालवितों व पुन्हां कोरडी करून टांगतों. या कामास चतकोर तास लागतो. तो चतकोर तास मीं २०२० सालीं दिला असता तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

धार

चांगल्या धारेची सांखळी लांकडाचे जाड कीस उडविते. धार गेली म्हणजे बारीक भुसा पडूं लागतो, व मनुष्य यंत्र दाबूं लागतो. ही खूण ओळखून तेथेंच थांबावें व गोल कानशीनें प्रत्येक दांत्यास आंतून बाहेर दोन-तीन सारखे हात द्यावे. लहान यंत्रांवरील आंखूड सांखळीस बहुधा ४ मिलिमीटरची कानस लागते, मोठीस ४.८ अथवा त्याहून जाड. सांखळीच्या वेष्टनावर माप दिलेलें असतें तें पहावें. आजच्या सांखळीचा वळणदार दांता अमेरिकेंतील जोसेफ कॉक्स या लांकूडतोड्यानें लांकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून १९४७ च्या सुमारास बनविला. त्या दांत्याचें वळण राखणें हेंच कानशीचें सारें कसब आहे. बॅटरीच्या यंत्रांत धारेचें महत्त्व दुप्पट आहे, कारण बोथट सांखळी मोजक्या शक्तीची उधळपट्टी करते. काम संपल्यावर तापलेली सांखळी थोडी सैल करावी. निवतांना ती आंखडते व पट्टीस ताण बसतो.

जीव सांभाळणें

पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लांकडास लागला तर करवत एकदम उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. हा झटका इतक्या त्वरेनें येतो कीं सावरण्यास वेळ मिळत नाहीं. म्हणून टोंकानें कापूं नये, एका हातानें चालवूं नये, खांद्याच्या वर उचलूं नये व शिडीवर उभें राहून कापूं नये. पुढचा ब्रेक चालतो कीं नाहीं हें रोज पहावें. शिरस्त्राण, डोळ्यांस चष्मा, जाड बूट व पायांस या कामासाठीं मिळणारें संरक्षक वस्त्र यांवर खर्च करण्यास मागेंपुढें पाहूं नये. अनवाणी पायांनीं, लुंगी नेसून करवत चालविणारे लोक आपण पाहतों. त्यांतील बरेच जण अद्याप धडधाकट आहेत, हा त्यांच्या दैवाचा भाग आहे.

पेट्रोलच्या यंत्राचा आवाज १०० डेसिबलांच्या वर जातो. बॅटरीचा त्याहून कमी असला तरी कानांत बोळे दोन्ही वेळीं घालावे. पेट्रोलचें यंत्र बंद खोलींत चालवूं नये. धूर विषारी असतो. बॅटरीच्या यंत्राचा धोका निराळा आहे. तें शांत असतें, म्हणून बंद आहेसें वाटतें, व बोट लागतांच चालू होतें. सांखळीस हात लावण्यापूर्वीं बॅटरी काढून खिशांत टाकावी, ही संवय लावून घ्यावी. घरांत मुलें असतील तर करवत एकीकडे व बॅटरी दुसरीकडे कुलपांत ठेवावी.

वादळानें पडलेलें झाड उभ्या झाडाहून घातक असतें. प्रथम त्यांत विजेची तार गुंतलेली नाहीं याची खात्री करावी. वांकलेल्या खोडाची एक बाजू दाबलेली व दुसरी ताणलेली असते. दाबलेल्या बाजूस आधीं थोडासा छेद घ्यावा, मग ताणलेल्या बाजूनें सावकाश पुरा करावा, व स्वतः बाजूस उभें रहावें. उन्मळलेल्या झाडाचें खोड कापतांच बुंधा मुळांच्या भारानें एकाएकीं उभा राहतो. त्या खड्ड्याजवळ कोणासहि फिरकूं देऊं नये.

कायद्याची बाब

शेवटीं कचेरींतील माणूस म्हणून एक शब्द. करवत घरीं आली म्हणजे झाड तोडण्याचा परवाना मिळाला असें होत नाहीं. महाराष्ट्रांत झाडें तोडण्याच्या नियमनाचा कायदा १९६४ पासून आहे. त्याच्या अनुसूचींत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, मोह, ऐन, किंजळ इत्यादि जाति आहेत. अनुसूचींतील झाड स्वतःच्या मालकीच्या जमिनींत असलें तरी तोडण्यापूर्वीं वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नियमांत वेळोवेळीं फेरफार होतात, सबब चौकशी करूनच सांखळी लावावी. वादळानें पडलेल्या झाडांचे मात्र कापण्यापूर्वीं फोटो काढून ठेवावे व शक्य असेल तर पंचनामा होऊं द्यावा. माणूस अथवा जनावर अडकलेलें असेल तेथें पंचनाम्याची वाट पाहूं नये, हें सांगणें नलगे. उत्साहानें वाडी साफ करून मग भरपाईसाठीं पुरावा शोधणारे पुष्कळ बागाईतदार मीं नोकरींत असतांना पाहिले आहेत.

एकंदरींत, कोणतें यंत्र श्रेष्ठ हा वाद व्यर्थ आहे. आपली जमीन, आपलें लांकूड व आपली शिस्त पाहून ज्याची निगा आपल्या हातून खरोखर होईल तें यंत्र घ्यावें. आणि कोणतेंहि घेतलेलें असो, सभासदांनीं हा अंक मिटण्यापूर्वीं एवढें करावें कीं, आपली करवत खुंटीवरून काढून एकदां चालवून पहावी. न चालल्यास आज मिस्त्री आहे, रस्ता मोकळा आहे, आणि गोठ्यांतील जनावर सुखरूप आहे.